टोकियोत मुलांना कोणत्या शाळेत घालावे?

पुण्याहून किंवा मुंबईहून टोकियोला बदली ठरली, की घरात आधी जागेची चौकशी सुरू होते आणि मुलांच्या शाळेचा विषय मागून निघतो. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. टोकियोत भाड्याचे घर मिळते आणि नाही पटले तर बदलताही येते. शाळेचे तसे होत नाही. शाळा ठरली की मुलाची भाषा, अभ्यासक्रम, मित्र, सुट्ट्यांचे वेळापत्रक आणि बऱ्याच अंशी पुढच्या कॉलेजची वाटही ठरते. शिवाय टोकियो इतके पसरलेले आहे की घर चुकीच्या टोकाला घेतले, तर हवी ती शाळा केवळ अंतरामुळे हातची जाते.

जपानमध्ये आज 50 हजारांच्या आसपास भारतीय राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबांची संख्या चांगली आहे. त्याला कारणही आहे. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांसारख्या ठिकाणी पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे, आणि आयटीतल्या अनेकांनी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत ही भाषा शिकून घेतली आहे. म्हणजे मराठी कुटुंबांतले निदान एक माणूस थोडीफार जपानी जाणते. बहुधा ते माणूस दिवसभर ऑफिसात असते, आणि शाळेतून आलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात पडते. हा तपशील वाटतो तेवढा लहान नाही. त्याकडे पुढे येऊच.

आधी शहराचा नकाशा पाहू. परदेशी लोकांच्या जुन्या शाळा कोणासाठी उभ्या राहिल्या, हे त्यावरून कळते. 1859 मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि तिथे 1872 मध्ये कॅथलिक जोगिणींनी सेंट मॉर ही शाळा काढली. आज ती आशियातली सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय शाळा म्हणून ओळखली जाते. टोकियोत 1902 मध्ये अमेरिकन स्कूल इन जपान सुरू झाली, ती मुख्यतः मिशनऱ्यांच्या मुलांसाठी. 1908 मध्ये सेक्रेड हार्ट आली, युद्धानंतर 1954 मध्ये सेंट मेरीज, 1962 मध्ये सेइसेन, 1989 मध्ये ब्रिटिश स्कूल इन टोकियो. यातल्या बहुतेक शाळा शहराच्या मध्यभागी नाहीतर पश्चिमेला आहेत: हिरो-ओ, शिबुया, सेतागाया, आणि अमेरिकन स्कूल तर त्याही पलीकडे चोफूला. वकिलाती, परदेशी बँका आणि त्यांच्या अधिकाऱ्यांची घरे त्याच बाजूला होती, म्हणून शाळाही तिथेच वाढल्या.

भारतीय माणूस मात्र पूर्वेला वसला. 2000 सालच्या आसपास संगणकांतल्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी भारतातून शेकडो इंजिनिअर टोकियोत आले. त्यांना परदेशी भाडेकरूला नाही म्हणणारे घरमालक आणि जामीनदाराची अट अशा दोन अडचणी आल्या. एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला यूआर या निमसरकारी संस्थेच्या मोठ्या वसाहती होत्या. तिथे जामीनदार लागत नव्हता आणि घरमालकाला द्यायची पागडीसारखी रक्कमही नव्हती. तोझाई लाइनने ओतेमाची आणि निहोनबाशीची ऑफिसे वीसेक मिनिटांवर. 1978 पासून जपानमध्ये असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी यांनी त्या तरुणांना घरे, जेवण, ओळखीपाळखी मिळवून दिल्या. पाहता पाहता तिथे डाळ-तांदळाची दुकाने आली, खानावळी आल्या, आणि लग्न होऊन मुले झाल्यावर शाळेचा प्रश्न आला. निशी-कासाईहून चोफूला सकाळच्या गर्दीत जायचे तर तास-सव्वा तास सहज मोडतो. सहा वर्षांच्या मुलाने रोज एवढा प्रवास करावा, असे मला तरी वाटत नाही.

त्या शाळांची दुसरी अडचण पैशांची. मोठ्या, नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय शाळांची वर्षाची फी साधारण 25 ते 35 लाख येन असते. प्रवेश अर्जाची रक्कम, नोंदणी शुल्क, इमारत निधी आणि बसचे पैसे वेगळे. तीस लाख येन धरले तरी आजच्या भावाने सोळा-सतरा लाख रुपये होतात, तेही एका मुलाचे. जुन्या काळी परदेशी कंपन्या अधिकाऱ्याला घरभाडे आणि मुलांची फी दोन्ही देत. आता त्या सवलती आटल्या आहेत. भारतीय आयटी कंपनीतून आलेल्या किंवा जपानी कंपनीने थेट घेतलेल्या इंजिनिअरला त्या बहुधा मिळतच नाहीत. 2022 पासून येन घसरला, त्याचा अर्थ ज्याला पगार येनमध्ये मिळतो त्याला ही फी पूर्वीइतकीच जड आहे, आणि ज्याची कंपनी डॉलरमध्ये हिशेब करते त्याला ती हलकी झाली आहे. म्हणून शाळेची पहिली चौकशी शाळेत करू नये, ती आपल्या कंपनीच्या एचआरकडे करावी, आणि उत्तर लेखी घ्यावे. ‘शक्यतो मदत करू’ हे उत्तर म्हणजे नकार समजावा. घरच्या पैशांतून ही फी भरण्यासाठी पुण्यातला फ्लॅट विकायचा विचार करणारी कुटुंबे असतात. त्यांना मी कळकळीने सांगेन की असे करू नका. एवढ्या पैशांत जे मिळते त्यातले बरेचसे टोकियोत दुसरीकडेही मिळते.

गेल्या काही वर्षांत इंग्लंडमधल्या नामांकित बोर्डिंग शाळांनीही जपानमध्ये शाखा काढल्या. 2022 मध्ये उत्तरेकडच्या इवाते प्रांतात आप्पीला हॅरो आली, 2023 मध्ये टोकियोशेजारच्या काशिवाला रग्बी आणि टोकियोच्या पश्चिमेला कोदाईराला माल्व्हर्न. त्यांचे ग्राहक मुख्यतः श्रीमंत जपानी आणि शेजारच्या देशांतली कुटुंबे आहेत. आपल्या बहुतेक वाचकांच्या हिशेबात त्या बसत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर अधिक शब्द खर्च करत नाही.

‘इंटरनॅशनल’ या पाटीबद्दल मात्र सावध राहायला हवे. जपानमध्ये ही पाटी कोणीही लावू शकतो. 1947 च्या शालेय शिक्षण कायद्याच्या पहिल्या कलमात ज्या शाळा मोजल्या आहेत त्या खऱ्या अर्थाने मान्यताप्राप्त. बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळा त्यांत येत नाहीत. त्या ‘काकुशु गाक्को’ म्हणजे संकीर्ण शाळा या गटात मोडतात, ज्यात शिवणकलेचे आणि गाडी शिकवण्याचे वर्गही येऊ शकतात. काही तर त्या गटातही नसतात, नुसती कंपनी असते. याचा अर्थ शिक्षण वाईट असा होत नाही. अमेरिकन स्कूलसारख्या शाळांची गुणवत्ता सर्वमान्य आहे, आणि त्यांना परदेशी मूल्यांकन संस्थांची मान्यता असते. पण ‘टोकियोतली शाळा म्हणजे सरकारची नजर असणारच’ असे गृहीत धरू नये. वास्क किंवा सीआयएससारख्या संस्थेचे मूल्यांकन आहे का, कोणत्या वर्षी झाले, त्या अहवालात काय म्हटले आहे, हे विचारायचा पालकांना हक्क आहे. जपानी विद्यापीठांची दारे या शाळांतल्या मुलांना पूर्वी फार अरुंद होती. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या डिप्लोमाला शिक्षण मंत्रालयाने 1979 मध्ये मान्यता दिली आणि 2003 मध्ये परदेशी मूल्यांकन असलेल्या शाळांच्या पदवीधरांनाही प्रवेश परीक्षेला बसू देण्यात आले. मूल्यांकन नसलेल्या शाळेतून बारावी झालेल्या मुलापुढे आजही अडचण उभी राहू शकते.

याच कायद्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. जपानमध्ये नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे आहे, पण ती सक्ती जपानी नागरिकांच्या मुलांपुरती आहे. परदेशी मुलाला सरकारी शाळा प्रवेश नाकारत नाही, तरी तो प्रवेश मागावा लागतो. आपोआप मिळत नाही. 2019 मध्ये शिक्षण मंत्रालयाने पहिल्यांदा देशभर पाहणी केली तेव्हा सुमारे 20 हजार परदेशी मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता दिसली. आपल्यासारख्या शिकलेल्या कुटुंबांत असे होत नाही, असे म्हणावेसे वाटते. पण वर्षाच्या मध्यात येऊन एखाद्या शाळेच्या प्रतीक्षायादीवर नाव लावून ऑनलाइन वर्गांवर काढलेले सहा-सहा महिने मुलाला जाणवतातच, आणि त्या काळात कोणी विचारायलाही येत नाही.

भारतीय शाळा याच पोकळीतून उभ्या राहिल्या. 2004 मध्ये कोतो वॉर्डात इंडिया इंटरनॅशनल स्कूल इन जपान सुरू झाली, ती जपानमधली पहिली भारतीय शाळा, आणि 2006 मध्ये सिंगापूरच्या ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूलने टोकियोत शाखा काढली. दोन्हीकडे सीबीएसई आहे, वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, आणि फी पाश्चात्त्य शाळांच्या मानाने निम्मी किंवा त्याहूनही कमी. दोन-तीन वर्षांची बदली असेल आणि परत पुण्याला किंवा ठाण्याला जायचे नक्की असेल, तर मला यापेक्षा सरळ वाट दिसत नाही. मूल टोकियोत चौथीत आणि परत आल्यावर पाचवीत, मध्ये वर्ष बुडत नाही, गणिताचा धागा तुटत नाही, हिंदी सुटत नाही. गंमत म्हणजे या शाळांना नंतर जपानी पालकांनीच डोक्यावर घेतले. 2007 च्या सुमारास जपानमध्ये भारतीय गणिताची लाट आली होती. एकोणीसच्या पाढ्यापर्यंत तोंडपाठ करण्याची पुस्तके दुकानांत मांडलेली असत, आणि जपानी आयाबाप आपली मुले भारतीय शाळेत घालायला रांग लावत. आजही या वर्गांत जपानी मुले बसलेली दिसतात.

या शाळांच्या उणिवाही आहेत. टोकियोत जागा महाग, तेव्हा मैदान लहान किंवा नाहीच. जपानी भाषेचे तास असतात, पण आठवड्यातून मोजकेच. तीन-चार वर्षे राहूनही मुलाला खालच्या मजल्यावरच्या जपानी मुलाशी दोन वाक्ये बोलता येत नाहीत, हे चित्र मला खटकते. शाळा भारतीय, इमारतीतले शेजारी भारतीय, शनिवारचा वाढदिवस भारतीय. जपान खिडकीबाहेरच राहते. पालक ज्या देशात येण्यासाठी स्वतः संध्याकाळी क्लासला बसून कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरे, घोकत होते, त्याच देशाच्या भाषेला मुले पारखी राहतात.

म्हणून ज्या पर्यायाकडे आपली कुटुंबे बहुधा वळूनही पाहत नाहीत त्या पर्यायाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे: गल्लीतली सरकारी जपानी प्राथमिक शाळा. फी नाही, पाठ्यपुस्तके मोफत, आणि आता टोकियोत दुपारचे जेवणही मोफत. खर्च होतो तो दप्तराचा, घरातल्या बुटांचा, गणवेश असेल तर त्याचा, आणि किरकोळ साहित्याचा. ते ‘रांदोसेरू’ दप्तर चांगले घ्यायचे तर पन्नास हजार येनच्या पुढे जाते, पण सहा वर्षे टिकते. मूल चालत जाते. पहिलीतल्या मुलांना पिवळी टोपी असते, म्हणजे गाडीवाल्यांना लांबून दिसावे. आईवडील दोघे नोकरी करत असतील तर शाळा सुटल्यावर मूल कुठे ठेवायचे ही चिंताही बऱ्यापैकी मिटते. एदोगावा वॉर्डाने सरकारी प्राथमिक शाळांतच ‘सुकुसुकु स्कूल’ चालवली आहे, तिथे मुले संध्याकाळपर्यंत खेळतात.

जेवणाची वेळ जवळून पाहण्यासारखी असते. वर्गातली पाच-सहा मुले पांढरे कोट आणि टोप्या घालून मोठी पातेली आणतात आणि बाकीच्यांना वाढतात. भात, सूप, एक भाजी, एक मासा किंवा मांस, आणि जोडीला दोनशे मिलिलिटर दूध. आठवड्याअखेर तो पांढरा कोट ज्याची पाळी असेल त्याच्या घरी धुवायला येतो, आणि सोमवारी इस्त्री करून परत न्यायचा असतो. शाकाहारी कुटुंबाची पंचाईत इथे सुरू होते. भाजी दिसायला निव्वळ भाजी असली तरी तिच्यातले ‘दाशी’ हे मूळ पाणी माशाचे असते, आणि सूप तर त्याच्यावरच उभे. शाळा महिन्याचा मेन्यू आधी पाठवते. पालकांनी पेन घेऊन बसायचे, प्रत्येक दिवशी मुलाने काय खायचे आणि काय नाही हे खुणेने दाखवायचे, आणि मुख्याध्यापकांना भेटून त्या दिवशी घरचा डबा देण्याची परवानगी मागायची. बहुतेक शाळा देतात. पण ती शांतपणे, कारण समजावून, आणि शक्यतो जपानीत मागावी लागते. अंडे-मासा खाणाऱ्या घरातल्या मुलाला काही अडत नाही. घरात मांस-मासा चालत नसेल, तर हा प्रश्न प्रवेशाआधीच सोडवून घ्यावा. पहिल्याच आठवड्यात उपाशी राहिलेले मूल शाळेला कायमचे नाही म्हणू शकते.

तसेच मुलींच्या कानांचे. आपल्याकडे बारशाच्या आसपास कान टोचतात आणि मुलगी जन्मभर कानांत काहीतरी घालते. जपानी शाळेत कानातले चालत नाही, टोचलेले कानसुद्धा शिस्तभंगासारखे पाहिले जातात. धार्मिक-सांस्कृतिक कारण सांगितल्यावर शिक्षक सहसा समजून घेतात, पण सांगावे लागते, आणि पोहण्याच्या तासाला ते काढायला लागतातच. मुले त्यावरून, त्वचेच्या रंगावरून, डब्याच्या वासावरून बोलतात, हेही खरे. शाळांतल्या छळाविरुद्ध जपानने 2013 मध्ये स्वतंत्र कायदा केला, यावरूनच तिथे तो प्रश्न किती खोल आहे ते कळावे. म्हणून जपानी शाळेत घातलेल्या मुलाला रोज संध्याकाळी पाच मिनिटे तरी विचारावे की आज दुपारच्या सुट्टीत तू कोणाबरोबर होतास. अभ्यासाचे नंतर विचारले तरी चालते.

आता त्या चिठ्ठ्यांचा विषय. जपानी शाळा कागदावर चालते. उद्या पाण्याची बाटली, परवा जुने वर्तमानपत्र, शुक्रवारी हाताने शिवलेले पुसायचे फडके, पुढच्या आठवड्यात शिक्षकांची घरभेट. फडके कशाला, तर वर्ग आणि जिना मुले स्वतः झाडतात, पुसतात. या सगळ्या सूचना जपानीत असतात. मोबाइलवरचे भाषांतर आता बरेच काम भागवते, पण शाळेच्या हस्तलिखित टिपणावर ते अडखळते. पालकसंघाची कामेही वाटून येतात. घरात जपानी येणारे माणूस संध्याकाळी उशिरा येत असेल, तर दुसऱ्यानेही पहिल्या वर्षी भाषेचा वर्ग लावावा. वॉर्डातल्या स्वयंसेवकांचे वर्ग जवळजवळ फुकट असतात. हे केले नाही तर जपानी शाळा मुलापेक्षा पालकांना जड जाते, आणि मग दोष शाळेच्या माथी मारला जातो.

मुलाला भाषा येईल का, हा सगळे विचारतात तो प्रश्न. येते, पण दोन पायऱ्यांनी. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवले की परक्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरते बोलायला मुलांना साधारण दोन वर्षे लागतात, आणि त्या भाषेत इतिहास-विज्ञान समजून लिहायला पाच ते सात. मैदानावर फडाफडा जपानी बोलणारे मूल पाहून आईबाप निर्धास्त होतात आणि तेच मूल वर्गात समाजशास्त्राच्या धड्यावर गप्प बसलेले असते. पहिलीत 80 कांजी असतात, दुसरीत आणखी 160, आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत एकूण 1026. पहिलीपासून बसलेले मूल वर्गाबरोबर चालते. चौथीत आलेल्या मुलाला तोवरच्या चारेकशे कांजी मागून गाठाव्या लागतात, आणि वर्ग काही त्याच्यासाठी थांबत नाही. जपानी शाळेत वर्ग वयावरून ठरतो. एक इयत्ता खाली बसवायची सोय सहसा नसते. त्यामुळे माझा कौल असा: मूल सात वर्षांच्या आतले असेल आणि निदान पाच वर्षे राहायची शक्यता असेल, तर गल्लीतली शाळा डोळे उघडे ठेवून जरूर निवडावी. मूल दहा-अकराचे असेल तर फार विचार करावा. सातवी-आठवीतल्या मुलाला प्रथमच जपानी शाळेत बसवणे हे मला क्रूर वाटते.

पंधराव्या वर्षी तिथे हायस्कूलची प्रवेश परीक्षा असते, आणि नववीपर्यंतचे मोफत, सर्वांना सामावून घेणारे शिक्षण तिथे संपते. सरकारी हायस्कूललाही पाच विषयांची जपानीतली परीक्षा लागते. टोकियोत काही सरकारी हायस्कूलांत परदेशी मुलांसाठी राखीव जागा आहेत, आणि मेगुरोतल्या टोकियो मेट्रोपोलिटन कोकुसाई हायस्कूलमध्ये आयबी डिप्लोमा इंग्रजीतून सरकारी फीमध्ये शिकता येतो. जागा अगदी मोजक्या. ज्यांचा इरादा जपानमध्येच स्थिरावण्याचा आहे त्यांनी व्हिसाचाही विचार करावा. आईवडिलांच्या आश्रित व्हिसावर असलेल्या मुलाला आठवड्याला 28 तासच काम करता येते. जपानी शाळांतून शिकून हायस्कूल पूर्ण केलेल्यांना नोकरी मिळाल्यावर व्हिसाचा दर्जा बदलण्याची खास सोय आहे. ती आंतरराष्ट्रीय शाळेतल्या मुलांना जशीच्या तशी लागू होत नाही. मराठी माणूस या व्यवस्थेत किती आत जाऊ शकतो याचे उदाहरण आहेच: अंबरनाथ-कल्याण परिसरातून गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि 2023 मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा फर्स्ट या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

परत महाराष्ट्रात यायचे असेल तर हिशेब वेगळा, आणि इथे पालक सर्वांत जास्त फसतात. राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागतात. टोकियोत दहावी करून अकरावीला पुण्यात आलेल्या हुशार मुलाला हे नंतर कळते, आणि तेव्हा काही करता येत नाही. डॉक्टर व्हायचे मुलाच्या मनात असेल, तर नववीच्या आत परतावे किंवा इतर मार्गांच्या खर्चाची तयारी ठेवावी. आयबी निवडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिप्लोमात विषय सहा असतात, आणि भौतिक, रसायन, जीव हे तीनही एकत्र घेणे त्याच्या नेहमीच्या रचनेत बसत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला मात्र तिन्ही लागतात. शिवाय मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, तोवर आपल्याकडची बरीच प्रवेशप्रक्रिया सुरू झालेली असते. आयबी वाईट आहे असे कोणी समजू नये. टोकियोनंतर सिंगापूर, मग लंडन अशी फिरती नोकरी असणाऱ्या घराला त्याइतकी सोयीची दुसरी व्यवस्था नाही, कारण प्रत्येक शहरात तोच अभ्यासक्रम सापडतो. कोतो वॉर्डातल्या के इंटरनॅशनलसारखी शाळा तो पूर्वेकडे, तुलनेने कमी फीमध्ये देते, आणि म्हणून तिच्या प्रतीक्षायादीत भारतीय नावे दिसतात.

अंतराबद्दल सुरुवातीला लिहिले, त्यामागे केवळ दमणुकीचे कारण नाही. 11 मार्च 2011 हा शुक्रवार होता. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मुले शाळेत किंवा घरी परतण्याच्या वाटेवर होती. टोकियोतल्या गाड्या थांबल्या, रस्ते तुंबले, फोन लागेनात, आणि राजधानी परिसरात सुमारे 50 लाख लोक त्या रात्री वेळेवर घरी पोहोचू शकले नाहीत. ज्यांची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती त्यांनी मुलाला तासाभरात घरी आणले. जपानी शाळांत ‘हिकिवाताशी’चा सराव दरवर्षी होतो: पालक रांगेत येतात, नाव सांगतात, यादीत खूण होते, आणि मगच मूल त्यांच्या हाती दिले जाते. खुर्चीच्या पाठीला जाड कापडी टोपडे अडकवलेले असते, ते डोक्यावर ओढून मुले मैदानात जातात. चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळांतही अशी तयारी असते. तुमची शाळा कोणतीही असो, तिथे तीन दिवस पुरेल एवढे अन्नपाणी आहे का, बस अर्ध्या वाटेत असताना भूकंप झाला तर ती कुठे थांबते, आणि आईवडील शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकले तर मूल कोणाच्या स्वाधीन होते, हे तिन्ही प्रश्न विचारा. ज्या शाळेला उत्तर शोधावे लागते ती शाळा, तिचा निकाल कितीही चांगला असो, माझ्या यादीतून उतरेल.

राहिली मराठी. कोणतीच शाळा ती शिकवणार नाही, तेव्हा ते काम घराचेच. टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव असतो, नाटुकली बसवली जातात, मुले तिथे चार वाक्ये पाठ करून म्हणतात. पण लिहिता-वाचता येण्यासाठी रोजची पंधरा मिनिटे आणि एक गोष्टीचे पुस्तक लागते. जपानी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी तर मराठीच बोलावी, तोडकीमोडकी जपानी बोलू नये. घरातली भाषा पक्की असलेल्या मुलाला दुसरी भाषा लवकर येते.

तुमची बदली ठरली असेल, तर करारावर सही करण्याआधी फीचा विषय कंपनीकडून लेखी मिटवा, किती वर्षे राहायचे ते नवरा-बायकोने एकमेकांना खरे खरे सांगा, आणि मूल पुढे कोणत्या देशात बारावी करणार ते आज पेन्सिलीने का होईना लिहून ठेवा. मग घर शोधा. टोकियोत पोहोचल्यावर महागड्या शाळेच्या चकचकीत इमारतीची फेरी मारण्याआधी एकदा गल्लीतल्या शाळेच्या ‘गाक्को कोकाई’ला, म्हणजे खुल्या दिवसाला, जाऊन मागच्या भिंतीला टेकून एक तास पूर्ण पाहा. प्रवेशासाठी वॉर्ड ऑफिसात मुलाचे निवासपत्र आणि पासपोर्ट घेऊन जावे लागते. अर्जाला पैसे पडत नाहीत, मात्र तो आपण होऊन करावा लागतो.